यावलच्या जंगलाचे निर्णय फैजपुरात होतात

मा. प्रांताधिकारी, फैजपूर भाग. यावल अभयारण्याचे वन अधिकारी. अभयारण्य ज्यांच्या मतदारसंघात येते ते आमदार. आणि फैजपूर नगरपरिषद यांस,



सातपुड्यातल्या यावल अभयारण्याची घोषणा १९६९ साली झाली. क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर. तिथे काय चालले आहे, हे आपल्याला सांगायला नको. अंजन आणि साग तुटतो, डिंकासाठी सालई-धावड्याच्या खोडांना घाव घातले जातात, उन्हाळ्यात वणवे लागतात. हे थांबवायचे काम वनरक्षकाचे, असे म्हणून आपण सगळे मोकळे होतो. कायदा मात्र तसे म्हणत नाही.

प्रांतसाहेब, पहिली विनंती आपल्याला. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे उपविभागीय समितीचे अध्यक्ष आपण आहात. यावल-रावेरच्या पावरा, बारेला, तडवी कुटुंबांचे दावे ग्रामसभेकडून आपल्याच टेबलावर येतात. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो जमीन कसतो, त्याचा हक्क अभयारण्यातही मान्य करायचा आहे. उपग्रहाचे छायाचित्र हा पूरक पुरावा आहे. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाबही नियमांत पुरावा धरला आहे. दावा लोंबकळत राहिला, की पिढ्यान्‌पिढ्या कसणारा आणि काल झाडे पाडून शेत काढणारा एकाच रांगेत उभे राहतात. खऱ्या कसणाऱ्यावर अन्याय होतो, आणि आपलेही कधीतरी नियमित होईल या आशेने दुसरा पुढची टेकडी बोडकी करतो. म्हणून प्रत्येक दाव्याचा निकाल वेळेत आणि कारणांसह द्या. माझ्या मते सातपुडा वाचवायचा याहून मोठा उपाय नाही. शिवाय याच कायद्याच्या कलम ५ ने ग्रामसभेला वन्यजीव आणि जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे. हक्क हातात पडलेली ग्रामसभा तो अधिकार जोमाने वापरेल, असा माझा विश्वास आहे.

आमदारसाहेब, वन्यजीव कायद्याच्या कलम ३३ ख प्रमाणे अभयारण्याच्या सल्लागार समितीत आपले स्थान आहे. पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधीही त्यात असतात. ही समिती बोलवायला लावा. जाळरेषा वेळेत काढल्या का, हंगामी अग्निरक्षकांची मजुरी मिळाली का, हे तिथे विचारा. अभयारण्यात आग लावायला कलम ३० ची बंदी आहे, पण फेब्रुवारीत पालापाचोळा हटवलाच नाही तर ती कागदावरच राहते.

वन अधिकाऱ्यांनो, रानपिंगळा आपल्याकडे आहे. १८८४ नंतर कोणी खात्रीने न पाहिलेला हा पक्षी १९९७ मध्ये याच सातपुड्यात, शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि यावलच्या जंगलातही तो राहतो. तो झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. ढोली जुन्या झाडालाच असते. म्हणून पोकळ, वाकडे, ‘बिनकामाचे’ झाडही राखा. डिंक काढणाऱ्या गरीब मजुराला पकडून तपास थांबवू नका. माल कोण विकत घेतो, तिथवर जा. तो खरेदीदार डोंगरात राहत नाही.

नगरपरिषदेला वाटेल, आपला काय संबंध? २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही बंधनकारक केली आहे. आणि संबंध पाण्याचाही आहे. डोंगराच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा बझाडा पट्टा आहे. सातपुड्यावरचा पाऊस तिथे मुरतो आणि आमच्या विहिरी-कूपनलिकांना पोचतो. यावल-रावेरची केळी त्यावर उभी आहे. १९३६ साली खेड्यातले पहिले काँग्रेस अधिवेशन फैजपूरला भरले, शेतीचा कार्यक्रम इथेच मंजूर झाला. त्याचा अभिमान सांगणाऱ्या गावाने या पाण्याची काळजी घ्यायलाच हवी.

एवढे करा: उपविभागीय समितीपुढे किती दावे आहेत, किती निकाली निघाले आणि सल्लागार समितीची पुढची बैठक कधी, हे प्रांत कार्यालयाच्या फलकावर लावा. तोच कागद डोंगरातल्या पाल गावच्या आठवडे बाजारात पावरी आणि तडवी बोलीत वाचून दाखवा.

आपला,
फैजपूरचा एक केळी उत्पादक