तुरीचे गाव कोणते?

रेशनच्या तांदळात काही दाणे निराळे दिसू लागले आणि गावोगाव एकच हाकाटी उठली, 'चीनचा प्लास्टिकचा तांदूळ आला!' आयांनी ते दाणे वेचून उकिरड्यावर टाकले. प्रत्यक्षात ते दाणे तांदळाच्याच पिठाचे होते. त्यांत लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व घातले होते, आणि शंभर किलो तांदळात एक किलो या प्रमाणात सरकारनेच ते मिसळले होते. रक्तक्षयावरचा उपाय आपण विष समजून फेकला. भारत हा जगातला सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार आहे. गेल्या काही वर्षांत चीननेच आपल्याकडून तुकडा तांदूळ विकत घेतला आहे. तरीही अफवा टिकली, कारण तिच्यामागची भीती खरी आहे.

ती भीती मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येते. पाम तेल इंडोनेशिया-मलेशियाचे, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलचे, सूर्यफुलाचे रशिया-युक्रेनचे. तूर मोझांबिक, टांझानिया, मलावी आणि म्यानमारहून येते, मसूर कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाहून. फोडणीपासून वरणापर्यंत आपले ताट परदेशी शेतांशी बांधलेले आहे. मग या अन्नाकडे पाहावे कसे? याची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात आणि दोन्ही चुकीची आहेत.

पहिले उत्तर असे: बाहेरचे ते विषारी, आपले ते शुद्ध. हे म्हणणाऱ्यांनी २०१० चा द्राक्षहंगाम आठवावा. त्या वर्षी आपली द्राक्षे युरोपात नाकारली गेली, कारण त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांच्या तोंडचे 'सीसीसी', या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. २०२० मध्ये भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड सापडले आणि युरोपभर माल परत मागवावा लागला. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने त्याच रसायनावरून काही भारतीय मसाल्यांची विक्री थांबवली. तिकडच्या लोकांसाठी आयात माल आपलाच होता. रसायनाला पासपोर्ट नसतो. ते कोणत्याही देशाच्या शेतात आणि गोदामात शिरते.

या उत्तराला आणखी एक पदर आहे. मे २०२१ पासून तुरीची आयात खुली झाली आणि लातूर-विदर्भातल्या शेतकऱ्याच्या भावावर तिचे सावट पडले. त्याचे दुखणे खरे आहे, पण ते भावाचे आहे. मोझांबिकची तूर विषारी आहे असे सांगून त्याच्या तुरीला रास्त भाव मिळणार नाही. भावाची लढाई भावाच्याच नावाने लढली पाहिजे.

दुसरे उत्तर याच्या अगदी उलट: कायदा आहे, बंदरावर तपासणी होते, माल स्वस्त मिळतो, मग काळजी कशाची? कायदा आहे, हे खरेच. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याचे कलम २५ आयातीसाठीच आहे, २०१७ ची आयात नियमावली आहे, नमुने प्रयोगशाळेत जातात. पण तपासणीला आपण जे विचारतो, तेवढ्याचेच उत्तर ती देते. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी मिसळलेल्या दुधात मेलामाइन घातले गेले. दुधातली प्रथिने मोजण्याची रूढ चाचणी मुळात नायट्रोजन मोजते, आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो. चाचणीत दूध कसदार ठरत गेले. सहा तान्ही मुले दगावली, सुमारे तीन लाख आजारी पडली. भारताने त्याच वर्षी चिनी दूध आणि दुधाच्या पदार्थांवर बंदी घातली. २०१९ मध्ये ती वाढवताना सरकारनेच म्हटले, की बंदरांवरच्या प्रयोगशाळा मेलामाइन तपासण्याइतक्या सज्ज होईपर्यंत बंदी राहील. आपल्या द्राक्षांचेही असेच झाले होते. इथे तपासायच्या रसायनांच्या यादीत तेव्हा सीसीसी नव्हतेच.

म्हणून माझे म्हणणे असे, की तपासणीला मागाची जोड हवी. दोष आज सापडो की उद्या, माल कोणत्या शेतातून, कोणत्या गोदामातून आला हे कळले तरच बाकीचा माल थांबवता येतो आणि चूक मुळाशी सुधारता येते. हे आपल्याला जमते, याचा पुरावा नाशिकमध्येच आहे. ग्रेपनेट या नोंदप्रणालीत निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंदणी होते, नमुने तपासले जातात आणि खोक्याचा माग थेट प्लॉटपर्यंत लागतो.

परक्या ग्राहकासाठी जे आपण करतो, ते घरच्या ताटासाठी का नाही? खर्चाची सबब इथे टिकत नाही. धान्य बंदरात उतरते तेव्हा त्याच्यासोबत मूळ देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र असते. म्हणजे देशाचे नाव तिथपर्यंत येते. परदेशातून पाकीटबंद आलेल्या मालावर ते छापावेही लागते. पण तूर डाळमिलमध्ये भरडली गेली, तेल इथे शुद्ध झाले, की पुडीवर सहसा मिलचा किंवा रिफायनरीचा पत्ता उरतो आणि शेताचा देश गळून पडतो. सुट्ट्या डाळीच्या पोत्याला तर पत्ताही नसतो.

मागणी साधी आहे. डाळीच्या आणि तेलाच्या प्रत्येक पुडीवर पीक कुठे पिकले तो देश लिहा. भारतातले असेल तर राज्य लिहा. बंदरावर कोणता माल, कोणत्या कारणाने नाकारला, याची यादी मराठीतही नियमित प्रसिद्ध करा. आणि देशी मालालाही हीच फूटपट्टी लावा. याने लातूरच्या तुरीला स्वतःचे नाव मिळेल, आणि ती आवडीने मागणाऱ्या ग्राहकाला ती ओळखताही येईल.

तोवर आपल्या हाती एक प्रश्न आहे. वाण्याकडे डाळ घेताना भावासोबत हेही विचारा, 'ही तूर कुठची?' त्याला आज सांगता येणार नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले, की तो ठोक व्यापाऱ्याला विचारील आणि व्यापारी मिलवाल्याला. बंदरापासून दुकानापर्यंतच्या वाटेवर हरवलेले ते नाव याच वाटेने उलटे शोधावे लागेल.