काळा पडदा : पुसावा की वाचावा?

शाळेतल्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवली, शेवटपर्यंत सारे सुरळीत झाले, संगणक पुन्हा सुरू केला आणि समोर आला तो काळाकुट्ट पडदा! कोपऱ्यात फार तर एक लुकलुकणारी पांढरी रेघ. चित्रे नाहीत, खिडक्या नाहीत, माउसचा बाणही नाही. अशा वेळी भोवतालचे जाणकार बहुधा एकच उपाय सुचवतात : ‘फॉरमॅट मारा आणि पुन्हा टाका.’ विद्यार्थिमित्रहो, हा उपाय आम्हांला मुळीच पसंत नाही.

हा प्रश्न आताच का निघाला? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था असलेला, त्यातल्या त्यात नवा संगणक लागतो. उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या शाळेजवळ दहा-बारा वर्षांपूर्वीचे संगणक असतील, तर ते भंगारात तरी काढावे लागतील किंवा त्यांवर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली तरी बसवावी लागेल. ही वाट काही नवी नाही. केरळच्या शाळा कित्येक वर्षांपासून लिनक्सवरच संगणक शिकवीत आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने तर २००७ साली ‘बॉस’ नावाची भारतीय प्रणाली काढली. अडचण येते ती या काळ्या पडद्यापाशी. तिथे शिक्षक कंटाळले, की संगणकांवर पुन्हा कापड पडते.

पडद्यावर दिसणारा चित्रमय डेस्कटॉप म्हणजे लिनक्स नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने जो गाभा लिहिला, त्यात खिडक्या नव्हत्या. पडद्यावर खिडक्या काढणारी ‘एक्स’ ही व्यवस्था निराळी. ती १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जन्मली. (तिची जागा आता ‘वेलँड’ घेऊ लागली आहे.) नोम, केडीई, एक्सएफसीई हे डेस्कटॉप त्यानंतरचे, १९९६-९७ च्या सुमारास सुरू झालेले. म्हणजे तळाशी गाभा, त्यावर चित्रपत्रिकेचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, त्यावर एक्स किंवा वेलँड, मग नाव व परवलीचा शब्द विचारणारा प्रवेश-कार्यक्रम आणि सर्वांत वर डेस्कटॉप अशी ही उतरंड आहे. कोणतेही एक मडके हलले तरी पडदा काळाच दिसतो.

शेतातली पाण्याची मोटार बंद पडली तर उमरग्याचा शेतकरी काय करतो? नवी बोअर घेतो काय? तो आधी तिन्ही फेज आल्या आहेत का पाहतो, मग डीपीवरचा फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. मोटार वर काढण्याची पाळी सर्वांत शेवटी, कारण त्याला खर्च पडतो. संगणकाला फॉरमॅट करायला पैसे पडत नाहीत, म्हणूनच आपण तो इतक्या सहजी करतो. पण त्या एका कृतीत दोष आणि दोषाचा पुरावा दोन्ही पुसले जातात. चुकीचा ड्रायव्हर हे कारण असेल, तर तासाभराने तोच काळा पडदा पुन्हा हजर होतो!

मग तपास कसा करावा? कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या तीन कळा एकदम दाबून पाहा. पडद्यावर साधी अक्षरे उमटून नाव विचारले गेले, तर निम्मी चिंता मिटली. गाभा, कळफलक आणि डिस्क काम करीत आहेत, दोष वरच्या थरांत आहे. ‘डीएफ’ ही दोन अक्षरांची आज्ञा डिस्क किती भरली ते सांगते. डिस्क काठोकाठ भरली असेल तर परवलीचा शब्द बरोबर देऊनही संगणक पुन्हा प्रवेशदाराशीच आणून सोडतो. एक्स स्वतःची रोजनिशी लिहीत असतो. तिच्यात ज्या ओळींपुढे कंसात ‘ई’ हे इंग्रजी अक्षर दोनदा येते, त्या चुकांच्या ओळी. इतर मजकूर सोडून प्रथम त्या वाचाव्यात.

अक्षरेही उमटली नाहीत तर संशय ड्रायव्हरवर. संगणक सुरू होताना येणाऱ्या यादीत ‘ई’ ची कळ दाबून, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडावा आणि एफ-१० दाबावी. पडद्याची मांडणी ठरवण्याचे ड्रायव्हरचे काम यामुळे तेवढ्या वेळेपुरते स्थगित होते. मोठ्या, ओबडधोबड अक्षरांत का होईना, पण चित्र दिसले तर चोर सापडला असे समजण्यास हरकत नाही.

आपल्या भागात आणखी एक कारण संभवते : डेस्कटॉप बसवत असताना मध्येच गेलेली वीज. अर्धवट बसलेले भाग तसेच लटकत राहतात. डेबियन आणि तिच्या कुळातल्या प्रणालींत ‘डीपीकेजी’ या आज्ञेला उरलेले काम पुरे करावयास सांगता येते. सारे पुन्हा उतरवून घेण्याची गरज पडतेच असे नाही, आणि मोबाइलच्या डेटावर शाळा चालवणाऱ्यांना ही बचत थोडीथोडकी नव्हे.

काही शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम कोण पुरा करणार? तक्रार रास्त आहे. चालू संगणकांवर मुलांनी असले प्रयोग करू नयेत हेही खरे. पण ज्यात कोणाचीही कामाची कागदपत्रे नाहीत असा एक जुना संगणक बाजूला काढून ठेवता येईल. तो मुलांना मोडू द्यावा आणि दुरुस्त करू द्यावा. अट एवढीच, की एका वेळी एकच बदल करावयाचा आणि तो वहीत लिहावयाचा : काय दिसले, काय बदलले, मग काय दिसले. रसायनशास्त्राच्या तासाला क्षार ओळखताना आपण हेच करतो. तिथे परीक्षानळीतला रंग मनासारखा आला नाही, म्हणून नळी धुऊन ‘पुन्हा टाका’ असे कोणी सांगत नाही; रंग असा का आला, हेच विचारतात.