पट परत मिळाला. दिलेल्या शब्दाचे काय?

सन २०११. ११ जुलैला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक अधिसूचना काढली आणि अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या पंगतीला आमचा बैल नेऊन बसवला. या जनावरांना खेळासाठी शिकवायचे नाही, लोकांपुढे त्यांचे खेळ करायचे नाहीत, असा हुकूम सुटला. त्याला चार महिनेही झाले नव्हते, तोच ३० ऑक्टोबरला दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर देशातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत रंगली. पाच किलोमीटरहून थोडा मोठा एक फेरा, असे साठ फेरे. जर्मनीचा सेबॅस्टियन फेटेल पहिल्या फेऱ्यापासून शेवटच्यापर्यंत पुढेच राहिला. जेन्सन बटन दुसरा आला, फर्नांडो अलोन्सो तिसरा आणि आपला नारायण कार्तिकेयन सतरावा. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा सचिन तेंडुलकरने हलवला, विजेत्याला करंडक मुख्यमंत्री मायावतींनी दिला. यंत्र धावले म्हणून देश पुढारला आणि बैल धावला की देश रानटी ठरतो, हा कुठला न्याय? आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बैलजोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या मनात तेव्हा हा सवाल उठला असेल, तर तो रास्तच होता.

आज निकाल उलटा लागलेला आहे. फॉर्म्युला वन भारतात तीन वर्षे आली. तिन्ही वेळा फेटेलच जिंकला, आणि २७ ऑक्टोबर २०१३ नंतर ती कराच्या भांडणात अडकून जी गेली, ती पुन्हा फिरकली नाही. शंकरपट, म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत, मात्र परत आला. कपाशीची वेचणी सरत आली की वणीपासून उमरखेडपर्यंत धावेच्या दाणी आखल्या जातात, भोंगे लागतात, घड्याळवाले मांडव टाकून बसतात आणि माणसांचा लोंढा धुऱ्याधुऱ्याने पटाकडे निघतो. छाती फुगवून सांगावी अशीच ही गोष्ट आहे. पण जिंकलेल्या माणसाला एक प्रश्न विचारावाच लागतो, आणि तो आज आम्ही विचारतो: पट ज्या बोलीवर परत मिळाला, ती बोली तुम्हांला आठवते का?

आठवत नसेल तर आठवण करून देतो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. २०१६ च्या जानेवारीत केंद्राने पुन्हा मुभा दिली, तिला पाच दिवसांत स्थगिती मिळाली. २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जनावरांच्या छळाविरुद्धच्या मूळ केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, तर मुंबई उच्च न्यायालयाने शर्यती रोखून धरल्या. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह तात्पुरती वाट मोकळी केली. अखेर १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. जवळजवळ एक तप हा झगडा चालला. मोर्चे निघाले, गुन्हे दाखल झाले, विधानसभेत घसे कोरडे पडले.

घटनापीठाने काय म्हटले? पट ही परंपरा आहे म्हणून डोळे मिटून परवानगी, असे म्हटले नाही. राज्याने कायदा केला, नियम केले, त्या नियमांनी जनावराच्या वेदना बऱ्याच कमी होतात, म्हणून हा खेळ आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, असे न्यायालयाने मानले. नियम काटेकोर पाळले जातील याची जबाबदारी जिल्हादंडाधिकाऱ्यांवर टाकली. म्हणजे न्यायालयाने विश्वास ठेवला तो आपल्या शब्दावर! एक हजार मीटरपेक्षा लांब धाव नको, बैलाला काठी नको, चाबूक नको, विजेचा झटका नको, आधी जनावरांच्या डॉक्टरांची तपासणी आणि धावेचे चित्रीकरण, हे सारे आपण लिहून दिले आहे. १९६० च्या केंद्रीय कायद्यात जनावराला छळणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दंड आहे दहा ते पन्नास रुपये. एका प्लेट भज्यांची किंमत! महाराष्ट्राने आपल्या दुरुस्तीत शर्यतीच्या बैलाला छळणाऱ्यासाठी पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद लिहिली. इतका कडक कायदा आपणच मागून घेतला आणि त्याच्या बळावर पट सोडवून आणला.

आणि आता दाणीवर काय चालते?

आम्ही पाहिलेल्या एका पटाची हकिगत सांगतो. गावाचे नाव घेत नाही, कारण हे एकट्या गावाचे पाप नाही. मांडवात नियमांचा फलक होता, त्याला हार घातलेला होता. भोंग्यावरून दर दहा मिनिटांनी 'बैलाले मारू नका हो' अशी विनंती होत होती. आणि छकड्यावर उभ्या असलेल्या धुरकऱ्याच्या मुठीत, बोटांच्या आड, बैल टोचायच्या तुतारीचे तुटके टोक होते. जोडी सुटण्याआधी एकाने शेपटी पिरगाळली, दुसऱ्याने ती दातांत धरली. बैल बुजून उधळले. घड्याळात सेकंद पडले, गुलाल उडाला. उतरलेल्या जोडीच्या मांडीवर रक्ताचे चार थेंब होते, त्यावर कोणीतरी हळद दाबली. तपासायला आलेले डॉक्टर चहा पीत होते. बंदोबस्ताचे शिपाई मोबाइलवर पटाचे चित्रीकरण करत होते. ते चित्रीकरण कायद्यासाठी असते तर आम्ही त्यांना सलाम केला असता. ते घरच्यांना दाखवण्यासाठी होते.

कोणी म्हणेल, शहरातल्या प्राणिप्रेमींची ही भाषा आहे. असे म्हणणाऱ्यांना आम्ही उत्तर देतो. आम्ही पटाचे वैरी नाही. वातानुकूलित खोलीत बसून बैलावर निबंध लिहिणाऱ्यांनी बैलाच्या पेंडीचा भाव कधी विचारला नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. बंदी आली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि धावणारी खोंडे बाजारात मातीमोल झाली तेव्हा त्यांच्यापैकी कोणी दावे धरायला आला नाही. पण दुसऱ्याचा ढोंगीपणा दाखवून आपला झाकता येत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. तो असूड त्यांनी शेतकऱ्याला नागवणाऱ्यांवर उगारला होता. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी तो फिरवून मुक्या जनावराच्या पाठीवर ओढावा, यासारखी विटंबना नाही. आणि गाडगेबाबा तर आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्याचे. जत्राजत्रांत उभे राहून ते देवापुढे बकरे-कोंबडे कापणाऱ्यांना जाब विचारत. आज ते एखाद्या दाणीच्या तोंडाशी खराटा घेऊन उभे राहिले असते, तर आधी कोणाला झाडले असते? धुरकऱ्याला नव्हे, बक्षिसावर स्वतःचा फोटो छापून घेणाऱ्या पुढाऱ्याला!

कारण पट बिघडवला तो पैशाने आणि मिरवण्याने. पूर्वी गावाच्या वर्गणीतून बक्षीस निघे. मान मोठा आणि रक्कम लहान असे. आता बक्षिसात मोटारसायकल, ट्रॅक्टर, लाखांच्या रकमा. निवडणूक जवळ आली की पटांना पालवी फुटते. ज्या जोडीवर लाखांचे बक्षीस आणि पडद्याआडच्या पैजा लागल्या आहेत, ती जोडी अर्ध्या सेकंदाने हरू नये म्हणून माणूस काय करणार नाही? तुतारी धुरकऱ्याच्या हातात असली, तरी ती टोचते बक्षिसाची रक्कम.

ज्या फॉर्म्युला वनचा आपण हेवा केला, तिच्याकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ती गोष्ट पैसा नव्हे; शिस्त आहे. २०१३ च्या त्या शेवटच्या शर्यतीत फेटेलने नोएडातच आपले चौथे जगज्जेतेपद पक्के केले. आनंदाच्या भरात त्याने ठरल्या जागी गाडी नेण्याऐवजी प्रेक्षकांसमोर ती गरगर फिरवली, खाली उतरला आणि गाडीपुढे वाकून नमस्कार केला. पंचांनी त्याच दिवशी त्या जगज्जेत्याला ताकीद दिली आणि त्याच्या संघाला पंचवीस हजार युरो दंड ठोकला. गाडी चुकीच्या जागी उभी केली, एवढ्यासाठी! इथे आमदाराच्या मेहुण्याची जोडी तुतारी टोचून पहिली आली, तर ती बाद करण्याची छाती किती पंचांची आहे? यंत्राच्या शर्यतीत नियम मोडला तर वेळेत सेकंद वाढवतात. जिवंत बैलाच्या शर्यतीत नियम मोडला तर गुलाल वाढवतात!

बरे, 'पट राहिला तर देशी जात राहील' असेही आपण न्यायालयात छातीठोकपणे सांगितले. तेही तपासून पाहू. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांच्या मधल्या सात वर्षांत देशातले गोवंशातले नर सुमारे तीस टक्क्यांनी घटले. पावणेसात कोटींवरून पावणेपाच कोटींवर आले. ट्रॅक्टरने बैलाचे काम घेतले, हे त्याचे उघड कारण. शर्यतीच्या शे-दोनशे जोड्यांनी ही घसरण थांबणार नाही. विदर्भाचा गवळाऊ पांढरा, चपळ, उन्हाला दाद न देणारा. त्याच्यासाठी पटाच्या बक्षिसातला किती पैसा गेला? धावणाऱ्या खोंडावर लाखो रुपये उधळणारा माणूस त्याला जन्म देणाऱ्या गाईपुढे सरकीची ओंजळ टाकत नसेल, तर जात टिकवण्याची भाषा त्याने करू नये.

आणि बैल म्हातारा झाला की? २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे. त्या कायद्याच्या गुणदोषांवर वाद घालण्याची ही जागा नाही. पण थकलेल्या बैलाला ना बाजार उरला, ना काम. ज्याच्या नावावर दोन एकर कोरडवाहू आणि डोक्यावर पीककर्ज आहे, त्याने त्याला कशावर पोसायचे, हे सरकारने सांगितले नाही आणि पटाच्या आयोजकांनी विचारले नाही. पाच हंगाम ज्याच्या नावाने गाव गाजले, त्याने सहाव्या हंगामात मोकाट होऊन डांबरी सडकेवर कचरा चघळावा, हीच का ती परंपरा?

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. प्रत्येक दाणीच्या तोंडाशी धुरकऱ्याचे हात उघडून तपासा. टोक सापडले, शेपटी पिरगाळली, रक्त दिसले, तर ती जोडी त्या हंगामापुरती बाद करा आणि तिचे नाव भोंग्यावरून सांगा. डॉक्टरांचा मांडव बक्षिसाच्या मांडवाइतकाच दर्शनी ठेवा. प्रवेशफीचा एक हिस्सा गवळाऊच्या पैदाशीला आणि एक हिस्सा थकलेल्या बैलांच्या चाऱ्याला काढून ठेवा. बक्षिसावर देणाऱ्याचा फोटो नको, बैल वाढवणाऱ्या घराचे नाव असू द्या, आणि त्या नावात घरधनिणीचेही नाव येऊ द्या. पहाटे चारा घालणारी, शेण काढणारी ती. गुलालाच्या वेळी मात्र ती कुठेच नसते. तळेगाव दशासरच्या पटात बायका स्वतः कासरा धरून जोडी हाकतात. यवतमाळ जिल्ह्याच्या दाणींना हे का जमू नये? आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांना आम्ही बजावतो: घटनापीठाने जबाबदारी तुमच्यावर टाकली आहे, तुमच्या कारकुनावर नव्हे. परवानगीच्या कागदावर सही करणाऱ्या हाताने एखादी परवानगी फाडूनही दाखवावी.

कोणी आम्हांला दटावतील, असे लिहून तुम्ही पुन्हा बंदीला आमंत्रण देता. उलट आहे. पट पुन्हा बंद पडला, तर तो प्राणिप्रेमींच्या याचिकेने पडणार नाही. त्या याचिकेला जोडलेल्या पुराव्याने पडेल, आणि तो पुरावा मांडवात उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाच्या मोबाइलमध्ये आज तयार होतो आहे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलाचा खांदा तुपा-हळदीने चोळतो आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण त्याच्या कानात सांगतो. बैलाला अक्षर कळत नाही. तो त्या आवाजावर विश्वास ठेवून मान खाली घालतो. न्यायालयानेही तेच केले, आपल्या आवाजावर विश्वास ठेवला. यंदाच्या हंगामात दाणीवर जोडी उभी राहील तेव्हा घड्याळ लावण्याआधी प्रत्येक धुरकऱ्याने एकदा आपली मूठ उघडून बघावी. तिच्यात फक्त कासरा असेल, तर पट आपला आहे.