विश्रामधाम की कोंडवाडा?

गेल्या महिन्यात सुरतेस आमच्या ज्ञातिमंडळाची सभा भरली होती. अनावलहून उनाईकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत मंडळाने काही वर्षांपूर्वी एक विश्रामधाम बांधले आहे. सहा खोल्या, प्रशस्त ओसरी, देवघर आणि भोवती आंबा-चिकूची बाग. जागा रीतसर बिनशेती करून घेतलेली, कागदपत्रे चोख. सभेपुढील ठराव असा होता की, आवाराच्या पूर्वेकडील कोपऱ्यातून गावकऱ्यांची जी पाऊलवाट जाते, ती पुरुषभर उंचीची भिंत घालून कायमची बंद करावी. ही वाट एका जुन्या आंब्याखालच्या वाघदेवाच्या दगडापाशी जाते व तेथून पुढे बाजाराच्या सडकेस मिळते. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया पहाटेपासून आवारातून जातात, त्यामुळे विश्रांतीत व्यत्यय येतो, अशी तक्रार होती.

वकील म्हणून आमचे मत विचारण्यात आले. आम्ही सांगितले की, १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचे १५ वे कलम पाहावे. जी वाट वीस वर्षे उघडपणे, शांततेने, अखंड व हक्क म्हणून वापरली गेली, ती आपण जमीन विकत घेतली म्हणून नाहीशी होत नाही. त्याच कायद्याचे १८ वे कलम स्थानिक रूढीने मिळणाऱ्या हक्कांचे आहे, आणि त्याखाली दिलेले पहिले उदाहरण गावच्या कुरणात गुरे चारण्याच्या हक्काचेच आहे. सभेस हे मत रुचले नाही. "वकीलसाहेब, आपण आमच्या बाजूचे की त्यांच्या?" असा प्रश्न एका ज्येष्ठ सभासदांनी केला. तेव्हा आम्हीही एक प्रश्न विचारला: त्या वाटेने शेवटपर्यंत चालत गेलेले येथे किती जण आहेत? चाळीस-पन्नास माणसांच्या त्या सभेत एकही हात वर झाला नाही.

कायद्याचे एवढे पुरे. आम्हांस लिहावयाचे आहे ते त्या न उठलेल्या हातांविषयी.

शहरातील माणसाने गावात विश्रांतीसाठी घर करावे, यात गैर काही नाही. सुरतेची सुखवस्तू मंडळी पूर्वीपासून हवा बदलण्यासाठी डुमसच्या किनाऱ्यावर जात आली आहेत. आता मोटारी झाल्या, रस्ते झाले, आणि कामरेज, मांडवी, महुवा, थेट डांगाच्या पायथ्यापर्यंत बंगल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. परंतु या घरांत राहणाऱ्यांची दिनचर्या पाहावी. शनिवारी सायंकाळी मोटार फाटकातून आत शिरते, रविवारी रात्री बाहेर पडते. धान्य सुरतेहून, भाजी सुरतेहून, पिण्याचे पाणीसुद्धा सुरतेहून बाटल्यांत भरून. गप्पा त्याच, पत्ते तेच, हातांतील भ्रमणध्वनीही तेच. शेजारच्या गावाचे नाव विचारावे तर रखवालदारास हाक मारावी लागते. जनावराला कोंडवाड्यात घालतात ते शिक्षा म्हणून. आम्ही मात्र पदरचे पैसे खर्चून, कुंपणावर काचा लावून, स्वतःस कोंडून घेतो आणि त्यास विश्रांती म्हणतो!

आम्ही त्या विश्रामधामात लागोपाठ तीन दिवस राहिलो आणि तिन्ही दिवस फाटकाबाहेर चालत गेलो. यात पराक्रम काही नाही. दहा मिनिटांच्या अंतरावर काय आहे, एवढेच सभासदांच्या कानी घालावयाचे आहे.

पहिल्या दिवशी उसाच्या शेतांकडे गेलो. १९५४ मध्ये तापीवर काकरापारचा बंधारा झाला, १९७२ मध्ये उकाईचे धरण झाले, आणि सुरतेच्या आसमंतातील शेतीचे रूप पालटले. बारडोली, महुवा, गणदेवी येथील सहकारी कारखान्यांना ऊस पुरवणारा हा मुलूख. दिवाळीनंतर तोडणीचा हंगाम सुरू झाला की रस्त्याच्या कडेला पालांची वस्ती दिसू लागते. डांगातून, नंदुरबार-धुळ्याकडून माणसे येतात. नवरा-बायकोच्या जोडीस येथे 'कोयता' म्हणतात. माणसाचे नाव मागे पडते, हत्याराचे पुढे येते. हंगामाआधी घेतलेली उचल फेडीत ही जोडपी उन्हाळ्यापर्यंत राबतात. आम्ही एका पालाशी थांबलो. मुलास जोजवणारी आई त्याच्याशी ज्या बोलीत बोलत होती, ती समजण्यास आम्हांस दुभाषी लागला नाही. आमच्या मोटारी याच पालांवर धूळ उडवीत विश्रामधामाकडे जातात. सुरतेत आम्ही मराठी भाषेच्या भवितव्यावर व्याख्याने ठेवतो, उधना-लिंबायतमधील खानदेशी वस्तीत मराठी शाळा टिकाव्यात म्हणून अर्ज करतो. आणि रस्त्याच्या कडेला पालात बोलली जाणारी आपलीच भाषा काचा वर करून ओलांडून जातो.

दुसऱ्या दिवशी हाट होता. डांग आणि वांसद्याच्या बाजूने माणसे उतरली होती. नागली, वरई, उडीद, खुरासणी. मोहाची सुकी फुले. समुद्राकडून आलेले सुके बोंबील. कोटवाळियांनी विणलेली सुपे आणि टोपल्या. धोडिया, चौधरी, गामित, कुकणा, वारली अशा सगळ्या जमाती तेथे भेटतात. हाट हे केवळ विक्रीचे ठिकाण नव्हे. तेथे सोयरीक ठरते, भांडण मिटते, माहेरचा निरोप पोहोचतो. नागली विकणाऱ्या एका कुकणा म्हातारीपाशी आम्ही तासभर बसलो. 'कुकणा' या नावातच कोकण आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस दुर्गादेवीचा दुष्काळ पडला, तेव्हा आपले पूर्वज कोकणातून या डोंगरांत आले, अशी परंपरा या लोकांविषयी सांगतात. इतिहासकारांनी तिचा काय निवाडा करावयाचा तो करावा. परंतु ज्या नियतकालिकाची अर्धी पाने कोकणीत छापली जातात, त्याच्या वाचकास या म्हातारीच्या बोलण्यात आपल्या आजीचा सूर ऐकू आल्यावाचून राहणार नाही. डांग मराठी की गुजराती, यावर १९५० च्या दशकात किती शाई सांडली! १९६० च्या मे महिन्यात डांग गुजरात राज्यात गेला आणि वाद थंडावला. ज्यांच्या भाषेवरून आपण भांडलो, त्यांची भाषा ऐकण्यास तेव्हा किती जण गेले होते, आणि आज घर शेजारी असूनही किती जातात?

तिसऱ्या दिवशी त्या पाऊलवाटेने वाघदेवापाशी गेलो. आमचे सभासद नास्तिक नव्हेत. उनाईस ते दरवेळी जातात. उष्ण पाण्याच्या कुंडांचे दर्शन घेतात. शरभंग ऋषींच्या व्याधीसाठी रामाने बाण मारून पाणी काढले आणि सीतेने तेथे स्नान केले, ही कथा मुलांस सांगतात. अनावलच्या शुक्लेश्वरासही अभिषेक होतो. पण घरापासून दोनशे पावलांवर जो देव बसला आहे, त्याची त्यांना केवळ अडचण वाटते. एक शेंदूर लावलेला दगड, त्यावर कोरलेला वाघ, वर सूर्य-चंद्र. आश्विनातल्या वाघबारशीस गावचे गुराखी येथे जमतात आणि गुरांचे रक्षण कर म्हणून मागणे मागतात. डोंगरात आज वाघ राहिला नाही, पण मागणे राहिले आहे.

येथे सभेतील एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो मनापासून केलेला होता. एक गृहस्थ म्हणाले, "त्या देवास कोंबडे आणि दारू चालते. आपले देवघर शेजारी आहे. सोवळ्याचे काय?" आम्ही त्यांचा अनादर करीत नाही. मात्र त्यांनी आपल्या कुळदेवतेच्या गावाचे स्मरण करावे. गोव्यात सीमेवरच्या राखणदारास रोट कोण देतो, आणि त्याच्याबरोबर काय देतो? सांग्याच्या डोंगरात वाघ्रोदेव कोण पुजतो? आपल्या पूर्वजांनी गाभाऱ्यातील पूजा आणि शिवेवरील मान यांची गल्लत कधी केली नाही; पण शिवेवरच्या देवाची वाट बंद करून गाभाऱ्यातला देव प्रसन्न होईल, असेही त्यांना कधी वाटले नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या समाजाने तर विसरूच नये. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने सासष्टी-तिसवाडीतील देवळे पाडली, तेव्हा आपले देव रातोरात गाव सोडून निघाले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. अंत्रुज महालातील ज्या गावांत ते उतरले, तेथे आधीपासून कोणी तरी राहत होते. त्यांची शेते होती, त्यांच्या वाटा होत्या, त्यांचे देव होते. त्या लोकांनी पाहुण्या देवांस जागा दिली. त्यांनी तेव्हा पुरुषभर भिंत घातली असती, तर आज आपण कोठे नवस फेडला असता? ज्यांचे देवच एकदा परक्या गावाचे पाहुणे झाले, त्यांनी दुसऱ्याच्या गावात घर बांधून दुसऱ्याच्या देवाची वाट अडवावी, ही कृतघ्नता आहे. याहून सौम्य शब्द आम्हांस सापडत नाही.

दुसरा आक्षेप विश्रांतीचा. कोणी म्हणेल, आठवडाभर यंत्रमागांच्या खडखडाटात डोके पिकते. दोन दिवस शांत पडावे, तर हे वकील आम्हांस बाजारात हिंडा म्हणतात! परंतु अनुभव असा आहे की, कोंडून घेतलेला माणूस रविवारी संध्याकाळी अधिक चिडलेला परततो. ज्याने शेताच्या बांधावर दोन घटका चालून घेतले, अनोळखी माणसाशी पीकपाण्याच्या चार गोष्टी केल्या, त्याचा शीण जातो. यास वैद्याचे प्रमाणपत्र नको, करून पाहावे.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. बायकामुले असतात, अनोळखी माणसे आवारातून जातात. यावर आमचे उत्तर एकच: ती माणसे अनोळखी का राहिली? ती आपल्या अंगणातून रोज जातात. अनोळखीपणा हा त्यांचा दोष नसून आपला आहे. ज्या घराची ओळख सगळ्या गावास आहे, त्या घराची राखण सारे गाव करते. काचा लावलेल्या भिंतीची राखण मात्र एकट्या रखवालदारास करावी लागते.

कोणी असेही म्हणाले की, जमीन आमची, पैसा आमचा. कायद्यास या वाक्याविषयी किती संशय आहे, हे सभासदांस ठाऊक नसावे. १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाने शेतकरी नसणाऱ्यास शेतजमीन विकण्यास बंदी घातली. जिल्हाधिकाऱ्याची परवानगी हाच अपवाद ठेवला. आदिवासींच्या जमिनीस तर गुजरातेत त्याहून कडक संरक्षण दिले गेले. हे का करावे लागले? शहरातला पैसा गावात आला की गावकरी आपल्याच शिवारात उपरा होतो, हे कायदा करणाऱ्यांनी पाहिले होते. आपली जागा बिनशेती आहे, व्यवहार स्वच्छ आहे, हे खरे. पण कायद्यातून सुटका झाली म्हणून शेजारधर्मातून होत नाही.

काकासाहेब कालेलकरांचे उदाहरण आमच्यापुढे आहे. साताऱ्यास जन्मलेला, घरी मराठी बोलणारा हा सारस्वत गुजरातेत आला, तेथील नद्या आणि गावे त्याने पायांखाली घातली, आणि त्या प्रदेशाच्या भाषेत इतक्या आत्मीयतेने लिहिले की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटले. त्यांनी आपली मराठी सोडली नाही, आणि यजमानांकडे पाठही फिरवली नाही. सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आमच्या मंडळींनी एवढी थोरवी नाही, तर निदान शेजारच्या गावाचे नाव तरी शिकावे!

आता आमची सूचना. सर्वसाधारण सभा चैत्रात आहे आणि ठराव तेथे मतास येईल. भिंतीऐवजी त्या कोपऱ्यात एक कवाड बसवावे, त्यास कुलूप नसावे, आणि वाटेवर दगडी पायऱ्या घालाव्यात म्हणजे पावसाळ्यात बायांचे पाय घसरणार नाहीत. विश्रामधामाचे धान्य आणि भाजी हाटातून घ्यावी, घासाघीस न करता. तेथे उतरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने निदान एकदा त्या वाटेने शेवटपर्यंत चालत जावे. मुलांनी बिलिमोऱ्याहून वघईस जाणारा अरुंद लोहमार्ग पाहावा. ज्या डोंगरातल्या सागासाठी गायकवाडी राज्यात तो घातला गेला, तो डोंगरही पाहावा. वाघबारशीस गावकऱ्यांना विचारून, त्यांनी बोलावल्यास, नारळ घेऊन वाघदेवापाशी उभे राहावे.

हे मान्य नसेल, तर भिंत जरूर बांधावी. मात्र तसे केल्यास फाटकावरील 'विश्रामधाम' ही पाटी उतरवावी, आणि वहिवाटीच्या दाव्यात मंडळाची बाजू मांडण्यासाठी दुसरा वकील पाहावा. चैत्रातील सभेस आम्ही उपस्थित राहू आणि आमचा हात ठरावाविरुद्ध वर करू. त्याआधी इतर सभासदांनी एकदा ती वाट चालून यावी, एवढीच विनंती.