वसुली मोहीम : लडाख

आमचे साडूभाऊ साताऱ्याचे. पंचवीस वर्षं खंबाटकी घाट चढले-उतरले आणि एकदाही गाडी गरम झाली नाही, हे त्यांचं हिमालयासाठीचं पात्रता प्रमाणपत्र. त्या जोरावर त्यांनी यंदा जूनमध्ये स्वतःच्या गाडीनं सहकुटुंब लेह-लडाखला जायचं ठरवलं. ‘सहकुटुंब’ या शब्दात मला न विचारता मीही आलो. दोन गाड्या, चार मोठे, तीन पोरं आणि बाहत्तर वर्षांच्या सासूबाई. तयारीसाठी साडूभाऊंनी एक्सेलमध्ये तक्ता केला. सात पानी. पहिल्या पानाचं नाव ‘मास्टर’, शेवटच्याचं ‘मास्टर फायनल २ खरं’.

तक्ता पाहून आधी आदर वाटला, मग शंका आली, मग हसू. सकाळी ५.१५ उठणे. ५.४५ चहा. ६.०० प्रस्थान. निघणे नव्हे हं, प्रस्थान! ते पालख्यांचं असतं अशी माझी आजवरची समजूत होती. ११.१० ते ११.२५ लघुशंका व फोटो. दोन्ही एकाच रकान्यात. यामागची योजना मी विचारली नाही.

पुणे ते मनाली सुमारे दोन हजार किलोमीटर, तीन दिवसांत. मनाली ते लेह दोन दिवसांत. मग खारदुंग ला, नुब्रा, पँगाँग, लेह आणि आल्या वाटेनं परत. एकूण दिवस चौदा. यात मोकळा दिवस किती? शून्य. मी तसं म्हटल्यावर बैठकीत अशी शांतता पसरली, जणू मी सत्यनारायणाच्या पूजेत ऑम्लेटची चौकशी केली.

“मोकळा दिवस?” साडूभाऊ म्हणाले. “एवढा खर्च करून तिथं बसून राहायचं? मग वसूल काय होणार?”

वसूल! सगळी भानगड या शब्दात आहे. पूर्वी माणसं तीर्थयात्रेला जात, मग हवापालटाला जाऊ लागली. आता आपण वसुलीला जातो. प्रत्येक खिंड म्हणजे एक थकबाकीदार. गाठायची, पाटीखाली उभं राहायचं, दोन बोटं वर करायची, फोटो, जप्ती पूर्ण, पुढचा. साडूभाऊंच्या तक्त्यात खिंडींसमोर चौकोन आहेत, बरोबरची खूण करायला. डोंगर बघण्यासाठी मात्र रकाना नाही. तो गाडीच्या काचेतून दिसेलच की!

आता सरचू. इथं खरा शास्त्रार्थ झाला.

“पहिला मुक्काम सरचूला. तंबूत. थ्रिल!” साडूभाऊ.

“मनाली २,०५० मीटरवर. सरचू ४,२९० च्या आसपास. एका दिवसात?”

“मग? चढणार गाडी आहे. आपण कुठे चढतोय?”

हे वाक्य मी जपून ठेवलंय. यात आधुनिक प्रवासाचं संपूर्ण तत्त्वज्ञान सामावलेलं आहे आणि ते संपूर्ण चूक आहे. गाडी गुडघे वाचवते, फुप्फुसं नाही. उलट खरी आरोपी गाडीच. पायी जाणाऱ्या माणसाला तीच उंची गाठायला आठवडा लागला असता आणि त्या आठवड्यात शरीरानं आपली व्यवस्था लावून घेतली असती. जरा आपल्या मापात बोलू. कळसूबाई १,६४६ मीटर; महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही. मनालीच्या मॉल रोडवर आइस्क्रीम चाटत उभा असलेला माणूस आधीच कळसूबाईच्या शिखरापेक्षा चारशे मीटर वर असतो. सरचू म्हणजे एकावर एक अडीच कळसूबाया, आणि वर थोडी जागा उरते. तिथं तुम्ही संध्याकाळी उतरणार, मॅगी खाणार आणि झोपणार. झोपणार म्हणजे आडवे होणार. डोकं ठणकतंय, पोरगं ओकतंय, तंबूबाहेर वारा, आणि गाडी मात्र ठणठणीत.

डॉक्टर मंडळींचा साधा नियम आहे : तीन हजार मीटरच्या वर गेलात की झोपायची जागा रोज साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. म्हणजे जिस्पाला, सव्वातीन हजारांजवळ, एक-दोन रात्री काढा. पण जिस्पात ‘बघण्यासारखं’ काय आहे? नदी आहे, पॉप्लरची झाडं आहेत, दुपार आहे. दुपारीसमोर बरोबरची खूण कशी करणार?

आणखी गंमत ऐका. ज्या लेहसाठी हा खटाटोप, ते आहे साडेतीन हजार मीटरवर. सरचूच्या बरंच खाली! म्हणजे मुक्कामाच्या गावाला पोचण्याआधी वाटेत त्याहून आठशे मीटर उंचावर रात्र काढायची, आणि याला म्हणायचं ‘प्रवास दोन टप्प्यांत केला की त्रास होत नाही’. मी श्रीनगरचा रस्ता सुचवला. झोजी ला साडेतीन हजार, वाटेत सर्वांत उंच फोटू ला ४,१०८, आणि झोपायला कारगिल, जेमतेम पावणेतीन हजारांवर. अंगाला हळूहळू सवय होते. साडूभाऊंनी नकाशा पाहिला आणि प्रस्ताव फेटाळला. कारण? “त्या रस्त्यानं पास कमी लागतात.” बारालाचा ला, नकी ला, लाचुलुंग ला, तांगलांग ला : चार थकबाकीदार मोकाट सुटले असते ना!

मग चर्चा ऑक्सिजनवर गेली. “वर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण निम्मं होतं,” असं साडूभाऊ म्हणाले. होत नाही. प्रमाण सगळीकडे तेच, सुमारे २१ टक्के, साताऱ्यात आणि खारदुंग लावरही. कमी होतो तो हवेचा दाब, म्हणून एका श्वासात प्राणवायू कमी येतो. यावर आमच्या मेहुणीबाईंनी कापराची पुडी दाखवली. पाव किलो. प्रत्येकाच्या गळ्यात कापराची पोटली बांधायची, ती हुंगायची, ऑक्सिजन वाढतो. कुठे वाढतो? कापूर नाकाला मोकळं वाटायला लावतो, रक्ताला नाही. पण कापराला कोण विरोध करणार? कापूर आरतीत जळतो म्हणजे तो पवित्र, पवित्र म्हणजे उपयोगी, असा हा तर्क. शिवाय कापूर स्वस्त आहे आणि मोकळा दिवस महाग. डायमॉक्सच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारू, असं मी म्हटलं, तर “गोळ्याबिळ्या नकोत, साइड इफेक्ट असतात.” चौदा तासांत दोन हजार मीटर चढण्याला साइड इफेक्ट नसतात, बहुधा.

एवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “मी माझा कुकर घेणार.”

सगळे हसले. तिकडे ढाबे आहेत, हॉटेलं आहेत, आणि ही बाई तीन लिटरचा कुकर घेऊन हिमालयात! पण त्या सातही पानांत जर काही निखळ वैज्ञानिक असेल तर तो कुकर. सरचूच्या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तांदूळ घरच्याइतकाच वेळ रटरटला तर कच्चट राहील आणि सगळे म्हणतील, “इथला तांदूळच वाईट.” दाबाचा प्रश्न ज्या एकमेव व्यक्तीनं दाबानं सोडवला, तिला यादीत ‘वयस्कर – १’ असं नोंदवलं आहे.

खारदुंग लाच्या पाटीवर मी जरा जास्तच अडकलो, हे कबूल. ‘जगातला सर्वांत उंच मोटार रस्ता, १८,३८० फूट’ अशी ती कीर्ती. टी-शर्टवर तोच आकडा, मगवर तोच आकडा. मोजलं तर खिंड भरते १७,५८२ फुटांच्या आसपास. आठशे फूट निव्वळ पाटीनं चढवलेले. शिवाय सीमा रस्ते संघटनेनं उमलिंग लावरून १९,०२४ फुटांवर रस्ता नेला आणि २०२१ साली त्याची विक्रमात नोंदही झाली. म्हणजे आकडाही गेला आणि विशेषणही गेलं. मी हे सगळं पुराव्यासकट मांडलं. साडूभाऊ शांतपणे म्हणाले, “पाटीवर लिहिलंय ना?” बायको पुण्याची, त्यामुळे पाटीवर त्यांची श्रद्धा असणं मी समजू शकतो.

आणि तुम्हाला म्हणून सांगतो, मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. हे सगळं ऐकवून झाल्यावर मी हळूच म्हटलं की एवढं जातोच आहोत तर हॅनलेपण करू. साडेचार हजार मीटरवर वेधशाळा आहे, दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे, आकाश काय दिसतं! मोकळ्या दिवसासाठी भांडणारा मी, आणि मला दोन दिवस हवेत ते आणखी वर चढायला. साडूभाऊंनी माझ्याकडे जे पाहिलं ते वकील फितूर साक्षीदाराकडे पाहतो तसं. हॅनले तक्त्यात गेलं. ‘ऐच्छिक’ म्हणून, पिवळ्या रंगात.

सल्लागारांची फौज वेगळीच. एकदा लेहला जाऊन आलेला प्रत्येक मराठी माणूस परत येताना ह्युएन त्संग होऊन येतो. “आम्हाला काऽही झालं नाही!” हे त्याचं भरतवाक्य. बायकोला विचारा, ती सांगते, पहिले दोन दिवस हे हॉटेलात आडवे होते. तो भाग प्रवासवर्णनात येत नाही, कारण तो वसूल झाला नव्हता. यांपैकी एकानं सांगितलं, उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडा, इंधन वाचतं. खंबाटकीच्या उतारावर ही चोरी खपून जाते. तांगलांग लावरून हजारो फूट उतरताना ब्रेक तापून मऊ पडतात, तेव्हा वाचलेल्या डिझेलचा हिशेब कुणी विचारत नाही. खालच्या गिअरमध्ये उतरावं आणि अरुंद जागी चढणाऱ्याला आधी वाट द्यावी. दुसरी गोष्ट तर नियमातच लिहिलेली आहे. पण आपल्याकडे घाटातला नियम एकच : हॉर्न ज्याचा मोठा त्याची वाट.

शेवटी मी दरडीचा विषय काढला. दरडीला रकाना नाही, नाल्याला नाही. बर्फ वितळून रस्त्यावर येणारे नाले दुपारनंतर फुगतात, हे तिथला कोणीही ट्रकवाला सांगेल. आमच्या तक्त्यात ते दीड वाजता जेवणानंतर ओलांडायचे आहेत. जुलै २०२३ मध्ये बियास नदीनं मनालीच्या महामार्गाचे तुकडे तुकडे केले, तेव्हा किती तरी पर्यटक दिवसेंदिवस अडकले. त्यांचेही तक्ते असतीलच. टांडीच्या पंपाची ती प्रसिद्ध पाटी आहे ना, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, तिचा फोटो काढायला आम्ही सात मिनिटं राखून ठेवली आहेत. रस्ता बंद निघाला तर राखून ठेवलेलं एक मिनिटही नाही. “अपडेट ग्रुपवर टाकत राहू,” साडूभाऊ म्हणाले. चारांपैकी तीन फोन प्रीपेड. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. तिथं ग्रुपवर जे काही पडेल ते दगडच.

अखेर रात्री साडेदहाला तडजोड झाली. पँगाँगच्या दोन रात्रींतली एक गेली. थ्री इडियट्समधल्या स्कूटरवर बसून काढायचा फोटो आता एकाच सकाळी उरकायचा. त्याबदल्यात लेहला पोचल्यावर एक अख्खा दिवस मोकळा. जिस्पा नाही, श्रीनगर नाही, पण निदान एक दिवस! साडूभाऊंनी स्वतःच्या हातानं ओळ घातली आणि समोरचा रकाना रिकामा सोडला. त्या पांढऱ्या चौकोनाकडे मी बराच वेळ पाहत होतो.

सकाळी ग्रुपवर ‘मास्टर फायनल ३’ आलं. पांढरा चौकोन भरला होता : शांती स्तूप (पाचशे पायऱ्या), लेह राजवाडा, हॉल ऑफ फेम, सिंधू-झंस्कार संगम, बाजार.

मी फोन केला. “साडूभाऊ, तो दिवस मोकळा ठेवायचा होता.”

“मोकळाच आहे की! गाडी नुब्राला कुठे नेतोय त्या दिवशी?”

तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला. “जावईबापूंना सांगा, मी त्या दिवशी कुठेही येणार नाही. मी झोपणार आहे.”

दहा मिनिटांत ‘मास्टर फायनल ४’ आलं. दुपारी २.०० ते ३.३० : आईंची झोप. समोर बरोबरच्या खुणेसाठी चौकोन.