सगळे चेन्नईला

टोयोटा आणि सुबारू यांनी २०१२ मध्ये मिळून एक स्पोर्ट्‌स कार बाजारात आणली. एकीने तिला '८६' म्हटले, दुसरीने 'बीआरझेड'. बोनेट उघडले की इंजिनाच्या आवरणावर दोघींची नावे दिसतात. आडव्या, समोरासमोर सिलिंडरांचे बॉक्सर इंजिन सुबारूचे. त्यात पेट्रोल फवारण्याची डी-४एस पद्धत टोयोटाची. कोणी काय आणले याचा हिशेब इतका उघड क्वचितच मांडला जातो.

नाशिकने अशी दोन लग्ने पाहिली. १९९६ मध्ये महिंद्रा-फोर्डची एस्कॉर्ट इथे जुळू लागली. थोड्याच वर्षांत फोर्डने चेन्नईजवळ स्वतःचा कारखाना उभारला आणि १९९९ मध्ये आयकॉन तिथून बाहेर पडली. मग २००७ मध्ये आली महिंद्रा-रेनोची लोगान. हिस्सेदारी ५१:४९. गाडी ऐसपैस, डिझेल इंजिन १४६१ सीसीचे आणि तेलाला काटकसरी. अबकारी सवलतीसाठी डिझेल इंजिनाची मर्यादा होती १५०० सीसी. त्यात ती बसली. पण लांबीची मर्यादा चार मीटर, आणि लोगान सव्वाचार मीटरच्या आसपास. सवलत गेली, किंमत चढली, खप बसला. २०१० मध्ये रेनो बाहेर पडली. महिंद्राने तीच गाडी 'व्हेरिटो' या नावाने पुढे रेटली, इंजिन मात्र रेनोच्याच परवान्याचे. इकडे रेनोने चेन्नईत निसानबरोबर बिऱ्हाड थाटले आणि २०१२ मध्ये त्याच १४६१ सीसीच्या इंजिनावर डस्टर आणली. ती धडाक्याने खपली!

दोन्ही वेळा नाशिकने काय दिले? शेड, कुशल हात, आसपासच्या कारखान्यांतले सुटे भाग. पाहुणा उठला तेव्हा इंजिनाची ड्रॉइंग्ज त्याच्याच बॅगेत होती.

धडा महिंद्राने घेतला, हे मान्य करायला हवे. ऑस्ट्रियाच्या एव्हीएलचे साहाय्य घेऊन, पण मालकी आपल्याकडे ठेवून तिने एमहॉक हे डिझेल इंजिन बनवले. २००८ च्या सुमारास ते नाशिकच्या स्कॉर्पिओत बसले. दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, खुद्द फोर्डने महिंद्राकडून लहान पेट्रोल इंजिन घेण्याचा करार केला. पुढे दोघींच्या नव्या भागीदारीचा बेतही २०२० च्या अखेरीस मोडला आणि वर्षभरात फोर्डने भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, ही गोष्ट वेगळी. एके काळी एस्कॉर्टचे भाग जोडून देणाऱ्या घराकडे फोर्ड इंजिन मागायला आली होती.

कंपनी शिकली, शहराच्या पदरात काय पडले? पहिली स्कॉर्पिओ आखण्याचे काम नाशिकच्या अभियंत्यांनी केले. पण महिंद्राने २०१२ मध्ये आपले मोठे संशोधन केंद्र उघडले ते चेन्नईजवळ. पाहुण्यांपाठोपाठ यजमानाची प्रयोगशाळाही तिकडेच.

नाशिकचे उद्योजक वर्षानुवर्षे 'मदर इंडस्ट्री', म्हणजे आसपासच्या लहान कारखान्यांना काम देणारा मोठा उद्योग, मागत आहेत. मागणी रास्त आहे. पण पालकमंत्र्यांपुढे निवेदन ठेवताना त्यात एकर आणि रोजगाराचे आकडे तेवढे असतात. पुढच्या निवेदनात इंजिन वा मोटारीच्या टेस्ट बेडची आणि डिझाइन ऑफिसची मागणी पहिल्या क्रमांकावर घाला, आणि जमिनीच्या सवलतीला तीच अट लावा.