टाकळा पेरायचा, पण कसा?

पावसाळा लागला की इंदूरच्या जवळजवळ प्रत्येक कॉलनीत रिकाम्या प्लॉटवर दोन झाडांची चढाओढ सुरू होते. एक गाजर गवत, म्हणजे आपल्या इथली ‘गाजर घास’. दुसरा टाकळा, ज्याला हिंदीत चकौडा म्हणतात आणि ज्याच्या कोवळ्या पाल्याची आपण भाजी करतो. गाजर गवत मूळचं अमेरिकेकडचं. १९५०च्या दशकात ते पुण्यात लोकांच्या नजरेत आलं आणि पुढे देशभर पसरलं. त्याने अंगाला खाज सुटते, दमा असणाऱ्यांचा त्रास वाढतो. टाकळा दाट वाढला की त्याच्या सावलीत गाजर गवताची रोपं नीट तग धरत नाहीत. म्हणून जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडून टाकळ्याचं बी टाकण्याचा सल्ला मिळतो.

माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला पुढचा प्रश्न पडतो. बी थोडंच असेल, तर ते सगळ्या प्लॉटभर उधळायचं, की एका कोपऱ्यात दाट पेरायचं?

दोन जातींच्या स्पर्धेचं जुनं गणित लोटका आणि व्होल्टेरा यांनी १९२०च्या दशकात मांडलं. त्यात दोघांची संख्या मोजतात, पण कोण कुठे उभं आहे हे पाहत नाहीत. झाड तर जागचं हलत नाही. त्याचं भांडण फक्त शेजाऱ्याशी.

म्हणून आता गणिताची चौकटीची वही घ्या. एका चौकटीत एक रोप. टाकळ्याची १०० रोपं दूरदूर लावली, तर प्रत्येकाच्या चारही बाजूंना गाजर गवत. तीच १०० रोपं १० बाय १० अशी एकत्र लावली, तर शत्रूशी गाठ फक्त कडेच्या ३६ जणांची. आतली ६४ निर्धास्त. ३ बाय ३ चा पुंजका असेल, तर ९ पैकी ८ कडेलाच. २० बाय २० असेल, तर ४०० पैकी फक्त ७६. अशा मॉडेलमध्ये लहान पुंजका कडेने झिजत संपतो आणि ठरावीक आकारापेक्षा मोठा झाला की पसरू लागतो.

जागेचा हा परिणाम प्रयोगशाळेतही दिसला आहे. २००२ मध्ये बेंजामिन केर आणि सहकाऱ्यांनी दगड-कागद-कात्रीसारखे एकमेकांवर मात करणारे जिवाणूंचे तीन प्रकार वाढवले. हलवत ठेवलेल्या चंबूत एकच प्रकार उरला. स्थिर बशीत, आपापल्या जागी, तिन्ही टिकले.

आपला प्लॉट अर्थात वहीचं पान नाही. गाजर गवताचं एक झाड हजारो बिया टाकतं, त्या वाऱ्या-पाण्याबरोबर आतही पोचतात. तरी बी कमी असेल तर पावसाआधी एकाच भागात दाट पेरावं आणि पुढच्या वर्षी त्याच्या कडेने वाढवत जावं, असं मला वाटतं.

हाच हिशेब गाजर गवतालाही लागू आहे. त्याचाही पुंजका लहान असतानाच काढणं सोपं. तेव्हा येत्या रविवारी हातमोजे घाला, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि फुलं येण्याआधी ते मुळासकट उपटा. दमा किंवा ॲलर्जी असेल त्यांनी मात्र लांबूनच देखरेख करावी.